सरांच्या कापसाखाली अडकलेली पदवी

आमच्या कॉलेजात बी.ए. तीनच वर्षांत उरकणं जरा आगाऊपणाचं समजलं जायचं. चार वर्षं म्हणजे साधारण, पाच म्हणजे अनुभवी, आणि त्यापुढे गेलेला विद्यार्थी इतका घरचा होऊन जायचा की गॅदरिंगच्या पाहुण्यांचे हार आणायला त्यालाच पाठवायचे. तालुक्याच्या गावातलं कॉलेज ते. समोर जिनिंग, मागे कापूस खरेदीचं मैदान, मधे आम्ही. दिवाळीनंतर खिडक्यांतून कापसाचे पुंजके उडत आत यायचे आणि बाकांवर बसायचे. वर्गात सगळ्यात नियमित तेच असायचे. बाकी मुलं वेचणीला गेलेली असायची. सर नाव पुकारायचे आणि स्वतःच ‘हजर’ म्हणायचे, कारण हजेरी कमी पडली तर परीक्षेला मुलं कमी, मुलं कमी तर तुकडी बंद, आणि तुकडी बंद तर सरांची नोकरी बंद.

ही कापसाच्या वाईट वर्षांतली गोष्ट आहे. जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि चांगल्या कारणासाठी कधीच यायचं नाही. मुंबई-दिल्लीहून समित्या यायच्या. जीपमधून उतरायच्या, पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, हात लावून बघायच्या, माना हलवायच्या, आणि ऊन चढायच्या आत यवतमाळच्या विश्रामगृहावर परत जायच्या. आमच्या बंजारा तांड्यावरच्या म्हाताऱ्यांनाही याची इतकी सवय झाली होती की जीप दिसली की त्या आधी विचारायच्या, ‘सरकारी हाये का पेपरवाले?’ आणि उत्तर ऐकून तसा चेहरा करायच्या.

अशा जिल्ह्यात आमच्या समाजशास्त्राच्या सरांना पीएच.डी. करायची होती. त्याशिवाय बढती अडली होती. त्यांनी विषय घेतला होता, ग्रामीण विद्यार्थ्यांचं शैक्षणिक यश आणि पदवी वेळेत पूर्ण होण्यावर परिणाम करणारे घटक. विषय छानच होता. नमुन्यासाठी लांब जायला नको, वर्गात नाही तर कँटीनमध्ये सापडायचाच. हा प्रबंध स्वतः कधी पूर्ण व्हायला हवा होता, हे मात्र सरांना विचारायची पद्धत नव्हती.

सर एकामागून एक मुलांना स्टाफरूममध्ये बोलवायचे आणि मायेनं विचारायचे, ‘बेटा, तू नापास का होतोस?’ मुलगा खाली बघायचा. सर लिहून घ्यायचे, ‘आत्मविश्वासाचा अभाव.’ एकानं धीर करून सांगितलं होतं की सर, तुमचा तास सकाळी असतो आणि आमच्या गावची पहिली गाडीच दुपारी येते. सरांनी ते ऐकून घेतलं आणि लिहिलं, ‘वेळेच्या नियोजनाचा अभाव.’

माझ्यावर सरांचा विशेष जीव होता, कारण मी नापास होत नव्हते. प्रत्येक संशोधनात म्हणे एक अपवाद लागतो, आणि सरांचा अपवाद मी होते. उमरखेडच्या रस्त्यावरून आत गेलं की आमचा तांडा. घरात आम्ही आमची गोर बोली बोलायचो, बाहेर वऱ्हाडी, आणि कॉलेजात शिकलेली मराठी, म्हणजे जिभेला तीन नोकऱ्या. बापू, म्हणजे माझा बाप, हिवाळाभर उसाच्या फडावर असायचा. शेत याडीकडे. याडी म्हणजे माझी आई. ती शाळेत गेली नव्हती, पण मला शाळेत सोडायला रोज नाल्यापर्यंत यायची आणि नाल्याला पाणी असलं की खांद्यावर घेऊन पलीकडे ठेवायची. पुढे कॉलेजसाठी मला तालुक्याला मुलींच्या सरकारी वसतिगृहात जागा मिळाली. वेळेत पास झालीस तर जागा तुझी, एकदा अडकलीस तर दुसरीची, असा तिथला सरळ हिशेब.

आणि मला पुढे यवतमाळला बी.एड. करायचं होतं. समाजाची सेवा वगैरे करायची म्हणून नव्हे. पक्क्या भिंतींच्या खोलीत, पंख्याखाली उभं राहून दुसऱ्यांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर आलं नाही तर त्यांच्याकडे रोखून बघायचं, असं काम जगात आहे हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचतच नव्हतं. त्यासाठी बी.ए.चा निकाल जूनमध्ये हातात पाहिजे होता. जुलैत यवतमाळच्या वसतिगृहाची यादी लागायची. तिच्यात नाव आलं तर बी.एड., नाही आलं तर तांडा. खोली करून राहण्याची आमची ऐपत नव्हती आणि तांड्यातून यवतमाळला रोज जाऊन येणं फक्त कावळ्याला जमलं असतं.

तोपर्यंत सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग पर्यावरण आलं.

पर्यावरण हा विषय तेव्हा नवा नवा सक्तीचा झाला होता. त्याचा तास कुणी घ्यायचा यावरून स्टाफरूममध्ये बराच विनय दाखवून झाल्यावर तो आमच्याच सरांच्या गळ्यात पडला. त्यात एक प्रकल्प लिहायचा असे. त्या प्रकल्पाचे मार्क गेल्याशिवाय विद्यापीठ पदवी देत नसे, बाकी सगळ्या विषयांत पहिले आलात तरी. मुलांना याची काळजी नव्हती. बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार प्रकल्प मिळायचा. कुठल्यातरी मोठ्या नदीच्या प्रदूषणाचा होता तो. आमच्या तालुक्यात ती नदी नव्हतीच, आम्हाला एक नाला होता आणि तोही चार महिने. पण दरवर्षी सगळा वर्ग त्या नदीकाठी जाऊन प्रदूषण बघून आल्याचं लिहून द्यायचा. झेरॉक्सवाला फक्त नाव बदलायचा. कधी तेही राहून जायचं.

मीच शहाणी. मी खरा प्रकल्प लिहिला.

विषय होता, घरातला कापूस. तुम्ही कापसाच्या मुलखातले नसाल तर सांगते. भाव पडले की कापूस विकायचा नाही, घरात भरून ठेवायचा आणि भावाची वाट बघायची, अशी आमच्याकडची रीत. घरात म्हणजे अक्षरशः घरात. माणसं ज्या खोलीत राहतात त्याच खोलीत, खालपासून आढ्यापर्यंत. माणसं उरलेल्या जागेत. आणि एकदा घरात कापूस आला की त्या घरात दिवा लावायचा नाही. चिमणी नाही, कंदील नाही, देवापुढची वातसुद्धा अंगणात. एक ठिणगी पडली तर वर्षाची कमाई आणि घर दोन्ही जायचं. चूल बाहेर. बिडी ओढणारा पाहुणा आला तर त्याचं स्वागत रस्त्यावरच. वर लोडशेडिंग होतंच, तांड्यात वीज पाहुणी असल्यासारखी यायची. म्हणजे मुलांनी दिवसा कापूस वेचायचा, आणि संध्याकाळी ज्या घरात दिवा लावायला बंदी आहे त्या घरात बसून परीक्षेचा अभ्यास करायचा. त्यात त्या कापसातून बारीक लाल किडे निघायचे आणि अंगाला खाज सुटायची. माझा धाकटा भाऊ दहावीला बसला तेव्हा एक हात पुस्तकावर आणि एक हात पाठीवर, असाच बसला. उजेड होता तोवर वाचायचा आणि उजेड गेला की नुसता खाजवायचा.

हे सगळं मी लिहिलं. तांड्यातली घरं फिरले, कुणाची मुलं कुठे बसून वाचतात ते बघितलं, कुठे कापसाची आणि माणसांची खोली एकच आहे त्याची चित्रं काढली. दोन मुली गोठ्यात म्हशीच्या शेजारी बसून वाचायच्या, कारण गोठ्यात कंदील चालायचा. त्यांचंही चित्र काढलं, म्हशीसकट. पुठ्ठ्याची बांधणी करून फाइल सरांना दिली.

सरांनी ती स्टाफरूममध्येच चाळली आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

‘अगं, हे काय आणलंस तू! मी चार वर्षं प्रश्न विचारून राहिलो, मला कुणी सांगितलं नाही हे.’ सर खूश झाले की त्यांच्या पुस्तकी मराठीतून वऱ्हाडी डोकावायची. ‘घरात कापूस असला की दिवा नाही, आणि दिवा नाही म्हणून अभ्यास नाही. हा तर घटक झाला! स्वतंत्र घटक!’

मला वाटलं, आता हे मला मार्क देतील. सर म्हणाले, ‘मी ही घरी नेतो. निवांत वाचतो. घाईत वाचायची गोष्ट नाही ही.’

फाइल घरी गेली. बाकीच्या वर्गाचे नदीकाठचे प्रकल्प सरांनी त्याच दिवशी टेबलावर तपासले आणि मार्क पाठवून दिले. ते वाचावे लागत नव्हते. सरांनी ते एकदा वाचले होते, पर्यावरण सुरू झालं त्या वर्षी.

परीक्षा झाली. पेपर चांगले गेले. जूनमध्ये निकाल लागला, तर वर्गातले कधी नव्हे इतके जण पास. कँटीनमध्ये पाच वर्षं मुक्काम असलेला एक जणही सुटला, त्याच्या निरोपाला कँटीनवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नावापुढे मात्र लिहून आलं होतं, ‘निकाल राखून ठेवला.’ ऑफिसातल्या बाबूंनी चौकशी करून सांगितलं, ‘तुझे पर्यावरणाचे मार्क गेलेच नाहीत. सरांकडेच राहिले असतील. जाऊन घेऊन ये, मी त्याच दिवशी विद्यापीठात पाठवतो.’

सरांचं घर गावाच्या टोकाला होतं. आता इथे सांगितलं पाहिजे की सर प्राध्यापक होते तसे शेतकरीही होते. पगार असल्यामुळे ते तालुक्यातले सगळ्यात सुखी शेतकरी होते आणि शेती असल्यामुळे स्टाफरूममधले सगळ्यात दुःखी प्राध्यापक. बाकीच्यांनी वाट बघून बघून मार्च-एप्रिलमध्ये मिळेल त्या भावाला कापूस घातला होता. बी-बियाणं घ्यायचं असलं की वाट बघता येत नाही. सरांना पहिल्या तारखेला पगार यायचा. त्यामुळे त्यांचा कापूस सगळ्यांत स्वाभिमानी होता. तो जूनमध्येही घरातच होता.

मी गेले तेव्हा सर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते.

‘तुझी फाइल ना? आहे ना! अगदी सुरक्षित आहे.’ त्यांनी मागच्या खोलीकडे बोट केलं. ‘माझ्या अभ्यासाच्या खोलीत.’

अभ्यासाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, कारण ते पूर्ण उघडतही नव्हतं आणि लागतही नव्हतं. आतून कापूस फुगून बाहेर आला होता. टेबल, खुर्ची, पुस्तकांचं कपाट, सगळं त्याच्या पोटात. माझी फाइल टेबलावर ठेवली होती म्हणे डिसेंबरात. मग दुसऱ्या वेच्याचा कापूस आला, मग तिसऱ्या वेच्याचा आला, आणि ठेवायला दुसरी खोली नव्हती.

‘म्हणजे सर, माझी फाइल कापसाखाली आहे?’

‘फाइलच काय, माझा प्रबंधही त्याच्याखालीच आहे,’ सर मोठेपणानं म्हणाले. ‘मी कुणाला सांगतो का? भाव वाढेल आता. पंधरा दिवसांत वाढतोच. कापूस निघाला की लगेच देतो मार्क.’

मी म्हटलं, सर, मार्क असेच द्या ना, तुम्ही फाइल बघितली आहे. सर दुखावले. ‘नीट वाचल्याशिवाय मार्क देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. आणि तुझ्या फाइलला मी असेच मार्क देऊ? एवढं चांगलं काम!’

अशा रीतीनं माझी पदवी कापसाच्या भावाला बांधली गेली. तेव्हापासून मी रोज वसतिगृहात पेपर आला की शेवटून तिसरं पान आधी उघडायचे. नोकरीच्या जाहिराती नाही, निकाल नाही, कापूस. भाव वाढला तर मी पदवीधर, घसरला तर बारावी पास. तो काही वाढला नाही. दर आठवड्याला मी सरांकडे जायचे आणि सर मला बाजाराचा अंदाज सांगायचे. अमेरिकेत काय चाललंय, चीनमध्ये काय चाललंय, सगळं त्यांना माहीत होतं. त्यांच्या मागच्या खोलीत काय चाललंय तेवढं सोडून. काकू म्हणजे त्यांची बायको आतून चहा आणून द्यायच्या आणि हळूच म्हणायच्या, ‘मी तं कवाची सांगून राह्यली, विकून टाका म्हून. घरभर खाज सुटली. पण यायले कोन सांगन?’

वसतिगृहाची यादी जवळ आली तसा माझा धीर सुटला. मी तांड्यावर गेले आणि याडीजवळ बसून रडले. रागानं रडले. एवढा अभ्यास केला, गोठ्यात वाचणाऱ्या पोरींची चित्रं काढली, आणि नदी न बघता नदीवर लिहिणारे माझ्या पुढे निघून गेले. याडीनं सगळं ऐकून घेतलं. तिला पर्यावरण कळलं नाही, तत्त्व कळलं नाही, पण कापसाखाली काहीतरी अडकलंय हे मात्र लगेच कळलं.

‘मग काढू की,’ ती आमच्या बोलीत म्हणाली. ‘कापूसच तर आहे.’

पेरणीचे दिवस होते. बापूला शेतात सोडून ती माझ्याबरोबर सकाळच्या गाडीत बसली. बरोबर दोन जुन्या चादरी घेतल्या. सरांच्या व्हरांड्याखाली चपला काढून उभी राहिली आणि हात जोडले.

‘सर, पोरीचं पुस्तक खाली हाये म्हनते. आमी काढतो. तुमाले काई करा लागत नाई.’

सर गडबडले. कापूस हलवायचा म्हणजे ठेवायचा कुठे? काकूंनी तेवढ्यात पुढची बैठक मोकळी करायला घेतली होती. सोफा अंगणात, टीव्ही स्वयंपाकघरात. मग सरांनी एकच अट घातली. पहिल्या वेच्याचा पांढराशुभ्र कापूस आणि शेवटचा डागी कापूस, कवडी म्हणतात त्याला, एकमेकांत मिसळायचा नाही.

दिवसभर आम्ही सरांचा कापूस वाहिला. चादरीत भरायचा, गाठ मारायची, डोक्यावर घ्यायचं, बैठकीत ओतायचं. याडीनं नाकातोंडावर पदर बांधला होता. पहिल्या तासातच खाज सुरू झाली, मानेवर, दंडावर, पापण्यांवरसुद्धा. सर व्हरांड्यातून लक्ष ठेवून होते. कापूस मिसळत नाही ना, याच्यावर. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपला अपवाद आणि अपवादाची आई, दोघी एकाच वेळी घरात आल्या आहेत. अशी संधी पुन्हा येत नाही. त्यांनी वही-पेन मागवलं.

‘आई, तुम्ही किती शिकलेल्या?’

याडी डोक्यावर गाठोडं घेऊन चालली होती. ‘नाई शिकली, सर.’

‘मुलीला कोणते विषय आहेत, माहिती आहे का?’

‘आमाले काय समजते त्यातलं.’

‘तिच्या अभ्यासाबद्दल घरी काही चर्चा होते का?’

‘नाई सर. कायची चर्चा?’ ती गाठोडं ओतून परत येत होती. तिला संध्याकाळची गाडी गाठायची होती आणि खोली अजून अर्धीही झाली नव्हती. ‘तुमी तिचे मार्क द्या, सर.’

असं बराच वेळ चाललं. ती येता-जाता उत्तरं देत होती, त्यात निम्मी ‘मालूम नाई’ अशी होती. मला मध्ये बोलायचं होतं. पण फाइल अजून सापडली नव्हती आणि मार्क सरांच्या हातात होते. मी तोंड बंद ठेवून चादर भरली.

उन्हं उतरताना टेबल दिसलं. फाइल तिथेच होती, दबून चपटी झालेली, पुठ्ठ्याला कापसाच्या सरक्या चिकटलेल्या. सरांनी ती हातात घेतली, झटकली, खुर्चीत बसून दहा मिनिटं चाळली आणि मार्क दिले. पन्नासपैकी बत्तीस. ‘संदर्भग्रंथांची यादी नाही,’ ते म्हणाले, ‘नाहीतर आणखी दिले असते.’ नदीवाल्यांना चाळीस होते. त्यांच्यात यादी होती, झेरॉक्सवाल्यानं घातलेली.

फाइल मात्र सरांनी ठेवून घेतली. वाचून पुरती झाली नव्हती.

बाबूंनी शब्द पाळला, मार्क दुसऱ्याच दिवशी गेले. विद्यापीठानंही आपल्या पद्धतीनं घाई केली. माझा निकाल सुधारून आला तेव्हा यवतमाळच्या वसतिगृहाची यादी लागून गेली होती. मी पहिल्या वर्गात पास होते आणि माझं नाव कुठेच नव्हतं. मी सामान बांधून तांड्यावर आले. ते वर्षभर मी कापूस वेचला, घरात भरला, आणि दिवा न लावता त्याच्या शेजारी बसले. माझ्याच प्रकल्पातल्या चित्रात मी बसले होते, फक्त म्हैस नव्हती. बाया विचारायच्या, ‘एवढी शिकली न् मंग काहून घरी?’ मला त्यांना कापूस फेकून मारावासा वाटायचा. तो लागत नाही, ही त्यातली वाईट गोष्ट.

पुढच्या वर्षी यादीत नाव आलं. मी बी.एड.ला गेले, आज शिकवते, पंखाही आहे. म्हणजे माझं वाईट झालं नाही, वर्ष गेलं फक्त. आमच्याकडे वर्ष गेलं याला कुणी गेलं म्हणत नाही.

बी.एड. चालू असताना सरांचा निरोप आला. प्रबंध मंजूर झाला होता, कॉलेजात सत्कार होता. ‘आईलाही घेऊन ये,’ त्यांनी कळवलं होतं. ‘तुमच्याबद्दल लिहिलं आहे.’ याडीनं पेटीतला, आरसे लावलेला तिचा ठेवणीतला घागरा काढला. आपल्याबद्दल कुणीतरी पुस्तकात लिहिलंय, हे तिनं सगळ्या तांड्याला सांगून झालं होतं.

हॉल भरला होता. सर डॉक्टर झाले होते, त्यामुळे आणखी सावकाश बोलत होते. त्यांनी घरातल्या कापसाचा आणि न लावलेल्या दिव्याचा घटक सांगितला तेव्हा टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी विचारलं, हे तुम्हाला कसं सुचलं? सर म्हणाले, निरीक्षणातून. मग ते उदाहरणांवर आले. नाव घेतलं नाही, पण आमच्याकडे बघून हसले. एक हुशार मुलगी, तांड्यातली, जिची पदवी वेळेत पूर्ण होण्याची सर्व लक्षणं होती आणि तरी झाली नाही. कारण काय? त्यांनी प्रबंध उघडला आणि वाचलं, ‘प्रत्यक्ष मुलाखतीत माता पाल्याच्या शिक्षणाविषयी पूर्णपणे अनभिज्ञ व उदासीन असल्याचे आढळून आले.’

याडीनं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

मला उठून तो प्रबंध ओढून घ्यावासा वाटला.  पण याडी स्टेजकडे इतकी कौतुकानं बघत होती की मी बसून राहिले. चहा झाला, सरांनी तिला नमस्कार केला, तिनं त्यांना केला. आम्ही बसस्टँडवर आलो. गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर तिनं विचारलं, ‘उदासीन म्हणजे काय गं? माझ्याबद्दलच होतं ना ते?’

आमच्या बोलीत तो शब्द नाही. मी सांगितलं, ‘त्यांनी लिहिलंय की तुला माझ्या शिक्षणाचं काही पडलेलं नव्हतं. म्हणून माझं वर्ष गेलं.’

मला वाटलं ती हसेल, किंवा सरांना दोन शिव्या देईल. आमच्या बोलीत त्या भरपूर आहेत आणि तिला सगळ्या येतात.  पण घागऱ्याचा एक आरसा सैल झाला होता, तो ती बोटानं दाबत राहिली. मग म्हणाली, ‘त्या दिवशी मी त्यांच्याशी नीट बोलले असते, तर तुझं वर्ष वाचलं असतं का?’

मी आधी समजावून सांगितलं, मग चिडून सांगितलं, मग बसस्टँडवरची माणसं बघायला लागली इतक्या मोठ्यानं सांगितलं की तुझा यात काही दोष नाही, सगळा त्या माणसाचा आहे. ती मान हलवत होती, पण तिला ते पटत नव्हतं. तिचा सरांवर विश्वास होता. त्यांनी त्या गोष्टीचा इतकी वर्षं अभ्यास केला होता.